अवधूतरावांचा इनिशिएटिव्ह

उमरीच्या कॉलेजातले हेडक्लार्क अवधूतराव बिलोलीकर यांनी सबंध आयुष्यात कुणी सांगितल्यावाचून इकडची काडी तिकडे केली नव्हती. सांगकाम्या म्हणतात तसला माणूस. बिलोलीला असताना वडलांनी सांगितलं म्हणून कॉमर्स घेतलं, मामांनी सांगितलं म्हणून संस्थेत चिकटले, मावशीनं जी मुलगी दाखवली तिच्याशी लग्न केलं. मुलगी झाली तिचं नाव मेहुणीनं इरा ठेवलं. यांना विचारलं तर म्हणाले, "तुमी म्हणताव तर चांगलंच असंल." ऑफिसात तर विचारूच नका. पंख्याचं पातं वाकडं झालं तरी आधी टिपणी, टिपणीवर प्राचार्यांचा 'मान्य' असा शेरा, आणि मग वायरमन. शिपाई मागे म्हणायचे, बाबूंना ठसका लागला तरी ते पाण्यासाठी आधी टिपणी ठेवतील.

यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. ज्यानं सांगितलं त्याची जबाबदारी, ज्यानं केलं तो मोकळा, असं त्यांचं साधं गणित होतं, आणि संस्थेत ते बरोबरही होतं. संस्था म्हणजे नाना. ग्यानोबाराव टाकळीकर. उमरी, बिलोली, औसा अशा गावांत त्यांच्या शाळा-कॉलेजं. नानांच्या घरी म्हैस व्याली तरी स्टाफनं अभिनंदनाला जायचं, आणि मर्जी फिरली की औशाच्या शाखेत बदली घ्यायची. औसा गाव चांगलं आहे, किल्ला आहे, बाजारपेठ आहे, पण संस्थेत 'औशाला गेला' म्हटलं की ऐकणारा हळहळायचा. नानांची आई वारली तेव्हा बिलोलीच्या ज्या मुख्याध्यापकानं श्रद्धांजलीचा फ्लेक्स एक दिवस उशिरा लावला, तो बिचारा अजून औशालाच भाड्याच्या खोलीत स्वतःच्या हातानं पोळ्या करून खातो.

अवधूतरावांची बायको कोरोनात गेली. घरात ते आणि इरा. इरा त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायची. तासिका तत्त्वावर म्हणजे जितके तास घेशील तितके पैसे, सुट्टीत उपाशी, आणि पुढच्या वर्षी ठेवतील की नाही हे देव जाणे. पोरगी हुशार होती, कष्टाळू होती, लग्नाचं वय सरत चाललं होतं. शेवटी एकदाची इंग्रजीची कायम जागा रिकामी झाली. अवधूतराव नारळ घेऊन नानांकडे गेले. नाना म्हणाले, "बघू." त्या 'बघू'वर बापलेकीनं अख्खा उन्हाळा काढला.

अशात डॉ. अंबरीश हे नवे प्राचार्य आले. पुण्याकडचे. बूट कायम चकचकीत आणि तोंडात एकच शब्द, इनिशिएटिव्ह. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "मला हुकमाचे ताबेदार नकोत. प्रत्येकानं इनिशिएटिव्ह घेतला पाहिजे." स्टाफरूममध्ये त्यांनी एक फळा लावला. दर महिन्याला ज्यानं इनिशिएटिव्ह घेतला त्याचा फोटो त्यावर. पहिल्या महिन्यात कुंड्यांना रंग देणाऱ्या मास्तरांचा लागला. रंग देण्याबद्दल प्राचार्यांनीच त्यांना दोनदा सांगितलं होतं, ही गोष्ट वेगळी.

अवधूतरावांना त्यांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं. "बिलोलीकर, तुमचं काम स्वच्छ आहे. पण इनिशिएटिव्ह शून्य. उद्या तुमच्या मुलीच्या कायम नेमणुकीच्या प्रस्तावावर मला शिफारस लिहायची आहे. काय लिहू? लोक म्हणतील, हे घराण्यातच नाही."

हे बोलणं अवधूतरावांच्या काळजात काट्यासारखं रुतलं. घरी आल्या आल्या त्यांनी चपला काढायच्या आधी विचारलं, "इरा, इनिशिएटिव्हचा नेमका अर्थ काय गं?"

इरा पेपर तपासत होती. "पुढाकार. कुणी न सांगता आपणहून पहिलं पाऊल उचलणं. इंग्रजीत तो 'घेतात', बाबा. कुणी देत नाही."

"परवानगी लागत न्हाई?"

"परवानगी काढली की मग तो इनिशिएटिव्ह राहत नाही."

"आन चुकलं तर?"

इरा हसली. "चुकल्यावर त्याला कुणी इनिशिएटिव्ह म्हणत नाहीत. आगाऊपणा म्हणतात." तिनं हे गमतीत म्हटलं. बाप दाराशी तसाच उभा होता, एका पायात चप्पल घालून, आणि त्याला काही हसू आलं नाही.

पावसाळा संपता संपता नानांच्या छातीत कळ आली. त्यांना हैदराबादला नेलं. आपल्याकडे माणूस हैदराबादला नेला म्हटलं की गाव अर्धी तयारी करून ठेवतं. प्राचार्य बैठकीसाठी संभाजीनगरला गेले होते. शनिवारी सकाळी संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'नाना गेले. भावपूर्ण श्रद्धांजली.' झालं. एकानं हात जोडले, त्याचं बघून दुसऱ्यानं, आणि चहा निवायच्या आत सगळा ग्रुप जोडलेल्या हातांनी भरून गेला. मागे राहायला नको, एवढीच प्रत्येकाला काळजी. नाना खरंच गेले का, हे विचारायची हिंमत कुणात नव्हती. विचारलं तर लोक शंका घेतील की याला नानांचा मोठेपणाच मान्य नाही, असंही त्यात होतं.

तीस वर्षांचा धनी गेला म्हणून अवधूतरावांना खरंच रडू आलं, आणि रडता रडता इराची जागा आठवली म्हणून आणखी आलं. त्यांनी प्राचार्यांना फोन लावला.

"सर, नानांचं कळलं का? आता इथं काय करायचं सांगा."

प्राचार्य बैठकीत होते, आवाज दाबून बोलले. "बिलोलीकर, मी मीटिंगमध्ये आहे. प्रत्येक गोष्ट मला विचारायची का? इनिशिएटिव्ह घ्या जरा." आणि फोन बंद.

ग्रंथपाल धम्मानंद कांबळे तिथंच उभे होते. स्टाफात तेवढा एक माणूस डोकं ठिकाणावर ठेवून असायचा. ते म्हणाले, "बाबू, घरच्यांपैकी कोणाला तरी फोन लावून बघा आधी."

"पुतण्याला लावला. बंद लागून राहिला."

"मग थांबा की. मेलेल्या माणसाला काय घाई हाय?"

"थांबतच आलो की आजवर," अवधूतराव म्हणाले, आणि उठले.

त्या सकाळी अवधूतरावांनी जे केलं ते पाहून धम्मानंदही चाट पडले. त्यांनी स्वतःच्या हातानं घंटा वाजवली. पोरांना मैदानात उभं केलं. प्राचार्यांच्या टेबलावरचा माईक आणून त्यावर श्रद्धांजलीपर भाषण केलं. भाषण त्यांनीच घाईघाईत लिहिलं होतं, आणि वाचता वाचता ते रडले. दोन मिनिटं स्तब्धता, मग सुट्टी जाहीर. पोरं दुःखानं शिट्ट्या मारत घरी गेली. तिथून ते तडक बसस्टँडजवळच्या फ्लेक्सवाल्या आदर्शकडे गेले. आदर्शकडे नानांचा फोटो होताच, वाढदिवसाच्या फ्लेक्सचा, गॉगल लावून हसणारा. त्यानं त्याचा रंग काढून काळा-पांढरा केला आणि भोवती हार बसवला. गॉगल मात्र निघेना.

"खाली शोकाकुल कोण कोण टाकायचं?" आदर्शनं विचारलं.

आपल्याकडच्या फ्लेक्सवर मेलेला एक आणि खाली शोकाकुलांचे फोटो पंधरा, हे काही सांगायला नको. लोक मेलेल्यापेक्षा तेच आधी बघतात. अवधूतराव क्षणभर घुटमळले. प्राचार्यांचा फोटो सांगितला. मग त्यांच्या मनात आलं, नानांच्या घरचे हैदराबादहून येताना याच चौकातून येणार. पहिला फ्लेक्स कुणी लावला ते बघणार. स्वतःचं नाव घालायचं त्यांना सुचलंसुद्धा नाही. त्यांनी खिशातला मोबाइल काढून इराचा फोटो दिला. 'प्रा. इरा अवधूत बिलोलीकर, इंग्रजी विभाग.' फोटो सहलीतला होता. त्यात इरा दात दिसेपर्यंत हसत होती. दुसरा फोटो त्यांच्याकडे नव्हता.

दुपारी फ्लेक्स चौकात चढला. तासाभरानं नानांच्या पुतण्याचा फोन सुरू झाला आणि त्यानं ग्रुपवर टाकलं की नानांचं ऑपरेशन झालं असून नाना शुद्धीवर आहेत, ही अफवा कुणी उठवली त्याला बघून घेऊ. मग जी धांदल उडाली ती विचारू नका. एकेक जोडलेले हात पुसले गेले. ज्यांनी सकाळी 'आधारवड कोसळला' लिहिलं होतं त्यांनी आता लिहिलं, 'नाना, शंभर वर्षं जगा.' सगळ्यांनी आपापलं पाप बोटानं पुसलं. अवधूतरावांचं पाप मात्र वीस फुटी होतं आणि बसस्टँडसमोर वाऱ्यानं फडफडत होतं. ते धावत गेले, शिडी मिळेना म्हणून पानटपरीच्या पत्र्यावर चढले आणि दातांनी सुतळी तोडून तो त्यांनी खाली ओढला. खाली उभ्या लोकांनी त्याचंही शूटिंग केलं.

संध्याकाळी प्राचार्यांचा फोन आला. "कोणाला विचारून केलंत हे?"

"सर, तुमीच तर…"

"मी? मी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावा म्हणालो? माझा फोटो टाका म्हणालो? मी फक्त इनिशिएटिव्ह घ्या म्हणालो. कशात घ्यायचा एवढी अक्कल तुम्हाला नको?" अवधूतरावांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं.

इरा एका शब्दानंही बापाला बोलली नाही. फक्त कॉलेजात जाताना चौक टाळून मागच्या गल्लीनं जाऊ लागली. तिला पाहिलं की पोरं छातीला हात लावून 'भावपूर्ण' म्हणायची. अवधूतराव येईल-जाईल त्याला सांगत राहिले की मेल्याची खोटी बातमी आली की माणसाचं आयुष्य वाढतं, जुनी माणसं म्हणून गेलीत, नानांचं भलंच झालं यात. ऐकणारा मान डोलवायचा आणि गल्लीच्या वळणावर जाऊन हसायचा.

नाना परत आले ते वाळून, पण डोळे तसेच. दवाखान्यात नातवानं त्यांना फ्लेक्सचा फोटो दाखवला होता. दिवाळीनंतर त्यांनी कॉलेजच्या हॉलमध्ये सगळा स्टाफ बोलावला, स्टेजवर गादीच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बिलोलीकर, या की वर. ते भाषण आणलाव का?"

"नाना, चुकी झाली. पाया पडतो."

"पाया नंतर पडा. भाषण वाचा. मेल्यावर मानसाला ऐकू येत न्हाई. मला चान्स भेटला तर ऐकू द्या."

कागद प्राचार्यांनीच पुढे केला. त्यांनी तो फाइलमधून काढून आणला होता. अवधूतराव वाचू लागले. "आज आपल्यातून एक महामेरू…" आधी काही माणसं रुमालात हसली. नाना हसले तसे मग सगळेच मोकळे झाले. "थांबू नका," नाना म्हणाले. "त्या दिशी रडलाव म्हणं. रडा की. मी बघू नये का?" अवधूतरावांनी खाली मान घालून वाचलं, 'त्यांच्या पश्चात' इथं आले आणि अडखळले. नानांनी ते वाक्य त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं. शेवटच्या रांगेत इरा ताठ बसली होती. तिच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. साठीला टेकलेल्या माणसाला असं उभं करून हसणाऱ्यांमध्ये त्याच्या हातून पगाराची बिलं काढून घेतलेले सगळे होते. लाज कुणालाच वाटली नाही.

"आता सांगा," नाना म्हणाले. "हे करा म्हणून कुणी सांगितलं?"

अवधूतरावांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होते. इराच्या प्रस्तावावर त्यांची सही अजून व्हायची होती.

"कुणी न्हाई," अवधूतराव म्हणाले. "म्या माझ्या मनानं केलं."

दुसऱ्या दिवशी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. आत नाना आणि प्राचार्य. नाना सरळ मुद्द्यावर आले. "बिलोलीकर, तुमची रिटायरमेंट जवळ आली. चौकशी लावली तर पेन्शन अडकंल, कोर्टात चकरा मारत मराल. मला तशी हौस न्हाई. पर लोकं काय म्हनतील, नानाचं तेरावं घालनारा आन त्याची पोरगी दोघंबी नानाच्याच ताटात जेवून राहिलेत. दोघातलं एक जाऊ द्या."

"म्हणजे नाना?"

प्राचार्यांनी उलगडून सांगितलं. संस्था कुणाला काढत नसते. चौकशीला सामोरं जायचं असेल तर अवधूतरावांनी तसं सांगावं, मग इरा मॅडमच्या नोकरीला धक्का नाही, प्रस्तावही जाईल. नाहीतर मॅडमनी राजीनामा द्यावा, मग चौकशी नाही. "निर्णय सर्वस्वी तुमचा. आमचं काही प्रेशर नाही. इनिशिएटिव्ह तुम्हीच घ्यायचा आहे." इंग्रजीच्या त्या जागेवर नानांच्या पुतण्याची सून यायची होती, हे उमरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"आज घरी बोला," नाना म्हणाले. "मला कळंल."

अवधूतराव पायी निघाले. स्टेशनच्या रस्त्यानं लांबून गेले. पहिल्यांदा त्यांचं मन अगदी पक्कं होतं. चौकशी तर चौकशी. आपलं झालं गेलं, पोरीचं सगळं पुढं आहे, तिच्या आईला काय तोंड दाखवायचं? रेल्वे फाटकापर्यंत हे टिकलं. फाटक बंद होतं. तिथं उभं राहून त्यांना आपण कधी कोर्ट बघितलं नाही असं आठवलं, वकील ओळखीचा नाही असं आठवलं, बीपीची गोळी आठवली. गाडी गेली. मग त्यांना वाटू लागलं की इरा तरुण आहे, नांदेडला क्लासेस आहेत, लातूरला तर इंग्रजी शिकवणाऱ्यांना पायघड्या घालतात. इथं राहून तरी तिला काय सुख, पोरं चिडवतात. बघता बघता पोरीचा घास काढून घेणं हे पोरीच्याच भल्याचं दिसू लागलं. माणसाला एकदा भ्यायचं ठरलं की कारणं पुरवायला डोकं कधी कमी पडत नाही. घराच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा त्यांचं मन पुन्हा अगदी पक्कं झालं होतं.

इरा स्वयंपाकघरात होती. पिठलं टाकलं होतं. तिनं पाणी दिलं आणि समोरच्या स्टुलावर बसली, बापाच्या तोंडाकडे बघत. अशी ती एरवी बसत नसे. अवधूतरावांना ते जाणवलं, पण घाई होती. थांबलो तर बोलणं होणार नाही याची त्यांना भीती होती.

"इरा, तू राजीनामा दे."

इरानं स्टूल जरा पुढं ओढलं.

"तुझ्याच भल्याचं हाय. लातूरला बघू. इथं काय ठेवलंय?"

"तुम्हाला असं सांगायला त्यांनी सांगितलं का, बाबा?" तिनं विचारलं. आवाजात अजून थोडी आशा होती. बापानं नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी तिला धरायला काहीतरी मिळालं असतं.

अवधूतरावांना वाटलं, निदान ही एक गोष्ट तरी ताठ मानेनं सांगावी. "न्हाई. मी माझ्या मनानं सांगून राहिलो."

इरानं गॅस बंद केला. "राजीनामा मी दुपारीच दिला," ती म्हणाली. "तुम्ही केबिनमध्ये जायच्या आधी. नानांच्या घरी जाऊन दिला. म्हटलं, बाबांची चौकशी लावू नका, मी जाते. ते हो म्हणाले."

"मग त्यांनी मला कामून…"

"ते म्हणाले, मी मेलो असं ऐकून माझ्या पोरांनी घरी माझ्या उशाखालच्या चाव्या काढल्या. सगळ्यांचं रक्त सारखंच असतं, तुझ्या बापालाही विचारून बघतो. मी म्हटलं, विचारा. माझे बाबा भित्रे आहेत, पण मला जा म्हणणार नाहीत." तिनं कढई खाली उतरवली. "लई खात्रीनं सांगितलं मी त्यांना. त्यांच्या सगळ्या माणसांसमोर."

अवधूतरावांनी तोंड उघडलं. फाटकापर्यंत माझ्या मनात दुसरंच होतं, असं त्यांना सांगायचं होतं. पण तिनं पाठ वळवली होती, दोन ताटं घेतली होती आणि पिठलं वाढायला सुरुवात केली होती. तेवढ्यात ओट्यावरचा तिचा मोबाइल वाजला. नाव दोघांनाही दिसलं. इरानं पळी खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि फोन कानाला लावला.

"हाव, नाना," ती म्हणाली. "तुमी म्हणलाव तसंच झालं."